हात पोचेल तिथे कॉक

घरात एकेकाळी स्कूटर असलेल्या कुटुंबांना ‘रिझर्व्ह’ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. रविवारी सकाळी मंडळी मावशीकडे निघालेली. पुढे धाकटा उभा, मागे सौभाग्यवती, तिच्या मांडीवर पिशवी. पुलाच्या ऐन मध्यावर गाडी आचके देऊ लागते. चालवणाऱ्याचा हात सवयीने सीटखाली जातो, पेट्रोलचा कॉक फिरतो आणि इंजिन पुन्हा सूर धरते. या सगळ्यात त्याची नजर रस्त्यावरून हलत नाही. मीही वर्षानुवर्षे हेच केले, पण तो कॉक नेमका तिथेच का बसवला असेल, याचा विचार कधी केला नाही. तो करायला लावला एका विमानाने.

माझी नोकरी कारखान्यात पंप, नळ्या आणि व्हॉल्व्ह यांच्यात गेली. निवृत्तीनंतर मला स्वतःच्या हाताने विमान बांधणाऱ्या लोकांविषयी वाचण्याचा नाद लागला. अमेरिकेत अशा हौशी मंडळींची संघटना १९५३ साली स्थापन झाली आणि विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉश गावी दर उन्हाळ्यात त्यांची जत्राच भरते. आपल्याकडे अमोल यादव या वैमानिकाने कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले. २०१६ साली मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते काही वाचकांनी पाहिलेही असेल. अशा विमानाच्या पंखांचे आणि इंजिनाचे कौतुक सगळेच करतात. मला मात्र कुतूहल असते ते टाकीपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या नळीचे.

वरवर पाहता काम सोपे. पंख वैमानिकाच्या डोक्यावर असतील तर त्यांतल्या टाकीचे पेट्रोल आपल्या वजनानेच खाली उतरते. पंख खाली असतील तर पंप हवा. एक इंजिनावर चालणारा आणि तो बंद पडला तर विजेवर चालणारा दुसरा. बारकावे यापुढचे आहेत. गोडेतेलाच्या डब्याला आपण दोन भोके पाडतो, एक तेलासाठी आणि एक हवेसाठी. विमानाच्या टाकीलाही श्वास घ्यायला भोक ठेवावे लागते. ते एखाद्या कुंभारमाशीने मातीने लिंपले, तर टाकीत भरपूर पेट्रोल असूनही इंजिन उपाशी मरते. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे ते तळाशी बसते. म्हणून सर्वांत खालच्या जागी तोटी ठेवतात आणि उड्डाणापूर्वी थोडे पेट्रोल पारदर्शक भांड्यात काढून पाहतात. नळी इंजिनाच्या तापलेल्या भागाजवळून नेली तर आतल्या आत पेट्रोलची वाफ होते आणि ती वाफच वाट अडवते. शिवाय विमान नाक वर करून चढत असते तेव्हाच इंजिनाची भूक सर्वांत मोठी असते. म्हणून जाणकार मंडळी जमिनीवरच विमानाचे नाक तसे वर करून ठेवतात आणि नळीतून मिनिटाला किती पेट्रोल पडते ते डब्यात मोजतात. आपल्या वजनाने उतरणारे पेट्रोल गरजेच्या दीडपट आणि पंपाने येणारे सव्वापट पडले पाहिजे, असा दंडक आहे.

हे सगळे जमले की उरतो कॉक. डावी टाकी, उजवी टाकी, बंद. किती साधी गोष्ट!

या साध्या गोष्टीपायी १२ ऑक्टोबर १९९७ रोजी एका मोठ्या गायकाचा जीव गेला. ‘टेक मी होम, कंट्री रोड्स’ हे गाणे जगभर पोचवणारे जॉन डेन्व्हर त्या दिवशी कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरीहून एकटेच उडाले होते. वय ५३. वैमानिक म्हणून चांगले अनुभवी. विमान होते बर्ट रटन यांनी आखलेले ‘लाँग-ईझी’, एका हौशी माणसाने बांधलेले आणि डेन्व्हर यांनी विकत घेतलेले. ते स्वतः चालवायला लागून जेमतेम एक दिवस झाला होता.

रटन यांच्या नकाशात पेट्रोलचा कॉक वैमानिकाच्या दोन पायांमध्ये दाखवला होता. बांधणाऱ्याने तो वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे नेला. हेतू वाईट नव्हता. माणूस बसतो तिथे पेट्रोलच्या नळ्या नकोत, असे त्याला वाटत होते. पण आता कॉक फिरवायचा तर पट्टा सोडून, मागे वळून, हात खांद्यामागे न्यावा लागे. कॉकवर खुणा नव्हत्या. पेट्रोल किती उरले हे दाखवणाऱ्या काचाही पाठीमागेच होत्या.

मन सुन्न होते ते पुढचे वाचून. ही अडचण डेन्व्हर यांना माहीत होती. उड्डाणापूर्वी ते आणि विमानतळावरचा मेकॅनिक यांनी कॉकला पकड लावून दांडा लांबवता येतो का, ते पाहिले. तरीही हात पोचेना. काचा दिसाव्यात म्हणून मेकॅनिकने एक आरसा दिला. पेट्रोल भरून घेण्याविषयी विचारले, तर तासाभराचेच उड्डाण आहे म्हणून त्यांनी नको म्हटले. थोड्याच वेळात पॅसिफिक ग्रोव्हच्या किनाऱ्याजवळ विमान समुद्रात कोसळले. तपास करणाऱ्या सरकारी मंडळाचा निष्कर्ष असा, की कॉकसाठी मागे वळताना त्यांचे लक्ष विचलित झाले, उजवे पेडल नकळत दाबले गेले आणि ताबा सुटला. पेट्रोल न भरल्याचा, अपुऱ्या सरावाचा दोष मंडळाने त्यांना दिलाच. पण कॉकच्या जागेचाही दोष स्पष्ट नोंदवला.

हे वाचताना मला माझाच एक नकाशा आठवला. एक बंद करायचा व्हॉल्व्ह मी टाकीच्या मागे नेला होता. कोणाचा धक्का लागणार नाही, नकाशाही नेटका दिसेल, असा माझा हिशेब. आमचा एक जुना फिटर तो बघून म्हणाला, “साहेब, दिवसा ठीक आहे. रात्रपाळीला लाइट गेली तर इथं हात कसा पोचायचा?” मला राग आला. दुसऱ्या दिवशी त्याने माझ्यादेखत डोळे मिटले आणि चाचपडत व्हॉल्व्ह शोधू लागला. त्याला तो सापडेपर्यंत मी खाली मान घालून उभा होतो. नकाशा बदलला.

त्या बांधणाऱ्याची चूक आणि माझी चूक एकाच जातीची. आम्ही दोघांनी एका धोक्याचा विचार केला आणि घाबरलेल्या माणसाचा हात विसरलो. डेन्व्हर यांची चूक मात्र आपल्या सर्वांच्या घरातली आहे. अडचण दिसली, उपाय जमला नाही, आणि ‘आजच्यापुरते चालवून घेऊ’ म्हणून माणूस निघाला.

आपण कोणी विमान बांधत नाही. पण आज दुपारची जेवणे आटोपली की एवढे करावे. विजेचा मेन स्विच कपाटामागे गेला आहे का? गॅसचा रेग्युलेटर बंद करायला आजींना डब्यांची रांग हलवावी लागते का? त्यांना डोळे मिटून एकदा हात लावायला सांगावा. हात पोचला नाही, तर कपाट आजच हलवावे.