रेड, व्हाइट की पिंक?

मंडळी, आपल्याकडच्या कुठल्याही बऱ्यापैकी हॉटेलात शाकाहारी पास्ता मागवा, वेटरचा पहिला प्रश्न ठरलेला: "सर, रेड, व्हाइट की पिंक?" जणू आपण भिंतीचा रंग निवडायला आलोय! माझं स्पष्ट मत सांगतो. यातला व्हाइट हा शाकाहारी माणसाचा चक्क अपमान आहे. आणि पिंक म्हणजे कुणाला निर्णय घेता आला नाही म्हणून दोन पातेली एकात ओतलीयत.

जरा विचार करा. पास्ता म्हणजे ड्युरम गव्हाचा रवा. व्हाइट सॉस म्हणजे लोण्यावर परतलेला मैदा आणि दूध. म्हणजे गव्हावर गहू; पोळीला तोंडीलावणं म्हणून भाकरी. इटलीत हा सॉस नाही असं नाही, पण तिथे तो मुख्यतः लझान्यासारख्या भट्टीत भाजायच्या पदार्थात जातो. आपल्याकडे तो दिसेल त्या पेनेवर ओततात, कारण डोक्यात एकच समीकरण पक्कं आहे: मांस नाही म्हणजे चव नाही, तेव्हा वरून क्रीम आणि चीज घाला, गिऱ्हाईक खूष.

आता मशरूम घ्या. त्यात मुळातच ग्लुटामेट भरपूर असतं. म्हणजे ज्या चवीसाठी लोक चीज किसतात, ती त्यात आयतीच आहे. अडचण एवढीच की मशरूममध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, आणि ते उडवायला कुणाला धीर नसतो. पांढरं, गिळगिळीत मशरूम क्रीममध्ये बुडवायचं आणि मग म्हणायचं, "मला नाही बुवा मशरूम आवडत." अरे, तू खाल्लंयस कुठे!

करायचं काय, तर दोघांसाठी २०० ग्रॅमची दोन पाकिटं घ्या. खुशाल धुवा (पाणी शोषून घेतात ही भीती वाजवीपेक्षा मोठी आहे), पुसा, जाड काप करा. पसरट कढई, मोठी आच, तेल नाही, मीठ नाही. गर्दी वाटली तर दोन हप्त्यांत करा. आधी पाणी सुटेल, कढईत तळं साचेल. घाबरू नका, झाकण ठेवू नका. पाणी आटलं की आवाज बदलतो, खदखद थांबून चरचर सुरू होते. आता तीन चमचे तेल, पाच-सहा पाकळ्या लसूण, एक सुकी लाल मिरची, मीठ. कडा तांबूस व्हायला हव्यात. जास्त शिजेल म्हणून काळजी नको, मशरूमच्या पेशींच्या भिंती कायटिनच्या असतात, त्या भाजीसारख्या गळून जात नाहीत. पनीरला हे जमत नाही.

शेजारच्या गॅसवर दोन लिटर पाणी, त्यात साधारण २० ग्रॅम मीठ, २०० ग्रॅम पास्ता. पाण्यात तेल घालू नका, ते नुसतं वर तरंगतं. पाकिटावरच्या वेळेच्या एक मिनिट आधी पास्ता उचलून मशरूममध्ये टाका, वर वाटीभर तेच पाणी. त्या पाण्यातल्या स्टार्चमुळे तेल आणि पाणी मिळून येतं, तोच सॉस. वरून मिरपूड. झाला की अर्ध्या तासात! ऑफिसातून येऊन फोनवर मेन्यू चाळत बसलात तरी तेवढाच वेळ जातो.

राहिलं चीज. मेन्यूवर हिरव्या ठिपक्याशेजारी ऐटीत 'पार्मेजान' लिहिलेलं असतं ना? अस्सल पार्मिजानो रेज्जानो वासराच्या जठरातल्या रेनेटने बनवतात, नियमच तसा आहे. म्हणजे शाकाहारी पास्त्याला 'चव यावी' म्हणून जे घालतात, ते अस्सल असेल तर शाकाहारी नाही, आणि शाकाहारी असेल तर अस्सल नाही. वेटरला विचारून बघा, तोंड बघण्यासारखं होतं. (बिचाऱ्याचा काय दोष म्हणा.)

दक्षिण इटलीत ज्यांना चीज परवडत नसे ते पास्त्यावर भाजलेला पावाचा चुरा घालत, अजूनही घालतात. कालचा उरलेला पाव मिक्सरमधून फिरवा, चमचाभर तेलात लसणाबरोबर खमंग परता, वाढताना वरून भुरभुरवा. उरलाच तर दुसऱ्या दिवशी वरणभातावरही छान लागतो.