बांधाची चूक सुधारते, जन्मठेपेची का नाही?

बारामती-इंदापूरच्या गावागावात जमिनीचे वाद आहेत. फेरफाराच्या वादात महसूल अधिकाऱ्यानं चुकीचा आदेश दिला, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २५८ खाली त्याच्याकडेच पुनर्विलोकनाचा अर्ज करता येतो. दिवाणी न्यायालयालाही नवा पुरावा मिळाला किंवा उघड चूक दिसली, तर आपला निकाल पुन्हा तपासता येतो.

फौजदारी निकालाचं काय? सत्र न्यायालय असो की उच्च न्यायालय, एकदा सही झाली की लेखनाची किंवा आकड्याची चूक सोडून निकालात बदल करता येत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३६२ हेच सांगत होतं, आज नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४०३ तेच सांगतं. म्हणजे शेताच्या बांधाबद्दल कायदा स्वतःला विचारू शकतो, "माझं चुकलं का?" माणसाच्या आयुष्याबद्दल मात्र नाही!

"वर अपील आहे ना?" असं उत्तर मिळतं. आहे. पण २००३ सालच्या एका दरोडा, बलात्कार आणि खुनाच्या खटल्यात काय झालं ते पाहा. आरोपी भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर. नाशिकच्या सत्र न्यायालयानं २००६ मध्ये सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या तिघांनाही फाशीच दिली. अपिलाच्या सगळ्या पायऱ्या संपल्या, पुनर्विलोकन अर्जही फेटाळले गेले.

राज्यघटनेच्या अनुच्छेद १३७ नं सर्वोच्च न्यायालयाला स्वतःचा निकाल तपासण्याचा अधिकार दिला आहे. पण हे अर्ज सहसा न्यायमूर्तींच्या दालनात, वकिलाचा युक्तिवाद न ऐकताच निकाली निघतात. २०१४ मध्ये घटनापीठानं ठरवलं की फाशीच्या प्रकरणात पुनर्विलोकन अर्ज तीन न्यायमूर्तींनी खुल्या न्यायालयात ऐकावा, जास्तीत जास्त अर्धा तास. त्यामुळे या सहा जणांचं प्रकरण पुन्हा उघडलं. २०१८ मध्ये जुना निकाल मागे घेतला गेला आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले! प्रत्यक्षदर्शी महिलेनं पोलिसांच्या फोटोंमधून भलत्याच चौघांना ओळखलं होतं, पण त्यांचा तपासच झाला नव्हता. न्यायालयानं प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला राज्य सरकारला सांगितलं. तुरुंगात गेलेली १६ वर्षं मात्र कोण भरून देणार?

आता विचार करा. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या सहा जणांना फाशीऐवजी जन्मठेप दिली असती, तर हा अर्धा तास त्यांना हक्कानं मिळालाच नसता. सौम्य शिक्षा मिळाली म्हणून ते निर्दोष माणसं आत कुजत राहिले असते. हा कसला इन्साफ?

"मग खटले कधी संपणारच नाहीत" ही भीती खोटी नाही. निकालाला शेवट हवा, नाहीतर श्रीमंत पक्षकार गरिबाला जन्मभर फिरवत ठेवेल. पण इथं पुन्हा अपील मागितलेलं नाही. दडवलेला पुरावा किंवा उघड चूक दाखवायला अर्धा तास मागितला आहे. फाशीला तो देता येतो, तर जन्मठेपेला का नाही?

हजरत उमर यांनी काझी अबू मूसा अशअरी यांना लिहिलेलं एक पत्र परंपरेनं सांगितलं जातं. त्याचा आशय असा: काल दिलेला निकाल चुकला हे आज कळलं, तर सत्याकडे परतताना संकोच करू नकोस. कारण सत्य हे निकालापेक्षा जुनं आहे.

जन्मठेपेच्या प्रत्येक कैद्याचा पुनर्विलोकन अर्ज खुल्या न्यायालयात ऐकला जावा. उच्च न्यायालयांनाही दडवलेल्या पुराव्यापुरता तरी हा अधिकार संसदेनं द्यावा. न्यायालयाची अब्रू चूक मान्य केल्यानं जात नाही. निरपराध माणूस आत आणि फाइल बंद, यानं ती जाते.