क जीवनसत्त्वाच्या गोळीचा हिशेब घरोघरी व्हावा

2020च्या उन्हाळ्यात मेडिकलच्या दुकानांसमोर जी गर्दी व्हायची, त्यात क जीवनसत्त्वाची गोळी मागणारे पुष्कळ असायचे. पाचशे मिलिग्रॅमची, नारिंगी, आंबटगोड, चघळायची ती गोळी मध्यंतरी अनेक ठिकाणी मिळेनाशी झाली होती. मिळाली की लोक पाच-पाच स्ट्रिप एकदम घेऊन ठेवत. साथ ओसरून वर्षं झाली, पण बऱ्याच घरांतली ही सवय काही गेलेली नाही. सकाळच्या चहानंतर एक गोळी तोंडात टाकायची आणि नातवंडानं हात पुढे केला तर त्यालाही एक द्यायची, असं सर्रास चालतं. गोळी विष नाही, तिला घाबरायचंही कारण नाही. पण ती रोज किती घ्यावी, हे फारसं कोणी विचारत नाही. प्रत्येक घरानं ते विचारावं आणि उत्तरासाठी औषधांचा डबा उघडून बसावं, यासाठी हे आवाहन.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं 2020 साली भारतीयांसाठी पोषणाचे आकडे नव्यानं जाहीर केले. त्यांनुसार प्रौढ पुरुषाला रोज 80 आणि स्त्रीला 65 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरतं. अंगावर पाजणाऱ्या आईला 115. सुरक्षिततेची वरची मर्यादा प्रौढांसाठी दिवसाला 2000 मिलिग्रॅम मानली जाते. ‘दोन हजारांपर्यंत चालतं’ एवढंच वाक्य तोंडातोंडी पसरतं, आणि ऐंशीमध्ये गरज भागते हा त्याचा अर्धा भाग मागे राहतो. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा तर नागरिकांना 1000 मिलिग्रॅमच्या आतच राहायला सांगते.

आता डब्यातल्या स्ट्रिप बाहेर काढून एका कागदावर बेरीज मांडावी. पाण्यात टाकली की फसफसणारी गोळी 1000ची असते. चघळायची 500ची. डॉक्टरांनी कधीतरी लिहून दिलेली आणि मग स्वतःहून चालू ठेवलेली बी-कॉम्प्लेक्सची कॅप्सूल असते. अशा एका फार खपणाऱ्या कॅप्सूलमध्ये 150 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आहे, हे घेणाऱ्याच्या गावीही नसतं. झाले 1650. नाक गळायला लागलं म्हणून संध्याकाळी आणखी एक चघळली की 2150. घरात कोणालाच आपण काही जास्त घेतलंय असं वाटत नाही, कारण प्रत्येक गोळी वेगळ्या नावाची, वेगळ्या रंगाची आणि वेगळ्या कारणासाठी आणलेली असते. लोहाच्या अनेक गोळ्यांत आणि झिंकच्या गोळ्यांतही हेच जीवनसत्त्व घातलेलं असतं. स्ट्रिपच्या मागच्या बारीक अक्षरांत ते ‘ॲस्कॉर्बिक ॲसिड’ किंवा ‘सोडियम ॲस्कॉर्बेट’ या नावानं छापलेलं सापडेल. चष्मा लावून ते वाचावं, आणि स्ट्रिप कापून गोळ्या दिल्या असतील तर मेडिकलवाल्याला विचारून घ्यावं.

हे जास्तीचं जीवनसत्त्व शरीरात साठून ताकद देत असेल, असा समज आहे. 1996मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमधल्या मार्क लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात निरोगी तरुणांना काही महिने रुग्णालयात ठेवलं आणि 30पासून 2500 मिलिग्रॅमपर्यंत वाढते डोस देऊन रक्त-लघवी तपासली. रोज 100 मिलिग्रॅमवरच पांढऱ्या पेशी भरून गेल्या. 200पर्यंतचा डोस जवळजवळ पूर्ण शोषला गेला. 500च्या पुढे शोषण घटत गेलं आणि रक्तात जे पोहोचलं त्यातलं बहुतेक लघवीवाटे बाहेर पडलं. म्हणजे हजाराच्या गोळीसाठी मोजलेल्या पैशांतला मोठा वाटा मोरीत जातो.

मग ही गोळी इतकी पूज्य झाली कशी? त्यामागे एक फार मोठा माणूस आहे. लायनस पॉलिंग, 1954 साली रसायनशास्त्राचं आणि 1962 सालचं शांततेचं नोबेल मिळवणारे शास्त्रज्ञ. 1970मध्ये त्यांनी क जीवनसत्त्व आणि सर्दी यांवर पुस्तक लिहिलं, स्वतः रोज कित्येक ग्रॅम घेत राहिले, आणि जगानं त्यांच्या नावावर विश्वास ठेवला. पॉलिंग यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. पण नंतर झालेल्या प्रयोगांनी त्यांना साथ दिली नाही. अशा प्रयोगांचा मोठा आढावा 2013मध्ये प्रसिद्ध झाला. रोज गोळी घेतल्यानं सामान्य माणसाची सर्दी टळत नाही. झालेली सर्दी मोठ्यांत सुमारे 8 टक्के आणि मुलांत 14 टक्के लवकर बरी होते, असं त्यात दिसलं. आठवडाभराच्या सर्दीत आठ टक्के म्हणजे अर्ध्या दिवसाचा फरक. सर्दी सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा तर सातत्यानं काही उपयोग दिसला नाही. मॅरेथॉन धावणारे किंवा कडाक्याच्या थंडीत कवायत करणारे सैनिक यांच्यात मात्र सर्दीचं प्रमाण निम्म्यावर आलं. कोविडमध्येही अमेरिकेत घरी उपचार घेणाऱ्या रुग्णांना रोज 8000 मिलिग्रॅम देऊन पाहिलं गेलं. ते लवकर बरे झाले नाहीत, असं 2021मध्ये छापून आलं.

अपाय कुठे होतो, ते नीट समजून घ्यायला हवं. पोट बिघडणं, मुरडा, जुलाब ही पहिली तक्रार. न शोषलेलं जीवनसत्त्व आतड्यात पाणी ओढून घेतं, त्यामुळे हे होतं आणि डोस कमी केला की थांबतं. मुतखड्याचं प्रकरण जास्त गंभीर आहे. शरीरात क जीवनसत्त्वाचं काही प्रमाणात ऑक्झलेट बनतं आणि बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात. स्वीडनमध्ये 23,355 पुरुषांवर अकरा वर्षं लक्ष ठेवलं गेलं. बहुधा 1000 मिलिग्रॅमची क जीवनसत्त्वाची गोळी घेणाऱ्यांमध्ये मुतखड्याचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट निघालं. ज्यांना एकदा खडा झाला आहे, किंवा जे उन्हातान्हात, भट्टीजवळ, रिक्षात दिवसभर कमी पाणी पिऊन राबतात, त्यांनी ही गोळी रोजची करू नये, अशी कळकळीची विनंती आहे. ज्यांचं क्रिएटिनिन वाढलेलं आहे त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला हातच लावू नये.

मधुमेह असलेल्यांसाठी एक वेगळी सूचना, आणि ती फार कमी लोकांपर्यंत पोहोचली आहे. दंडावर चिकटवायच्या काही ग्लुकोज सेन्सरच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं की रोज 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त क जीवनसत्त्व घेतल्यास साखर खोटी जास्त दिसू शकते. त्या खोट्या आकड्यावर कोणी इन्सुलिन वाढवलं तर साखर खरोखरच खाली कोसळेल. उलट, लघवीतली साखर किंवा लघवीतलं रक्त पट्टीवर तपासताना असलेली गोष्ट झाकली जाऊ शकते. रक्त-लघवी द्यायला लॅबमध्ये जाताना या गोळीचंही नाव सांगावं. ‘औषध काही चालू आहे का?’ या प्रश्नावर लोक बीपीची गोळी सांगतात, ही सांगत नाहीत. फसफसणाऱ्या गोळीत सोडियमही बरंच असतं, तेव्हा मीठ कमी करायला सांगितलेल्यांनी तेही ध्यानात घ्यावं.

क जीवनसत्त्व लोहाचं शोषण वाढवतं. वारंवार रक्त चढवावं लागणाऱ्या थॅलेसेमिया मेजरच्या मुलांच्या अंगात आधीच लोह साठलेलं असतं आणि या गोळीचा मोठा डोस त्यांच्या हृदयाला धोक्याचा ठरू शकतो. उल्हासनगर, पिंपरी इथल्या सिंधी समाजात या आजाराचे वाहक जास्त आढळतात. वाहकांना स्वतःला या गोळीची भीती नाही, पण आजारी मुलाला ती कोणी प्रेमानं देऊ नये, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही ठाऊक असलेलं बरं.

मुलांचा मुद्दा सगळ्यांत निकडीचा. अमेरिकेत एक ते तीन वर्षांच्या मुलासाठी वरची मर्यादा दिवसाला 400 मिलिग्रॅम आहे आणि चार ते आठ वर्षांसाठी 650. म्हणजे तीन वर्षांच्या पोरानं हट्ट करून मागितलेली पाचशेची एकच गोळी मर्यादेपलीकडे जाते, आठ वर्षांच्या मुलाची दुसऱ्या गोळीला ओलांडली जाते. आजी-आजोबांनी ही गोळी चॉकलेट म्हणून देऊ नये. डबा मुलांच्या हाताला लागणार नाही असा वरच्या फळीवर ठेवावा.

एवढं सांगून आवाहन थांबवलं तर ते अर्धवट राहील, कारण ज्यांना क जीवनसत्त्व खरंच कमी पडतं त्यांच्या घरी गोळीही नसते आणि फळही नसतं. उत्तर आणि दक्षिण भारतातल्या दोन ठिकाणी साठीच्या पुढच्या लोकांचं रक्त तपासलं गेलं. 2011मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत उत्तरेत सुमारे 74 टक्के आणि दक्षिणेत सुमारे 46 टक्के वृद्धांत या जीवनसत्त्वाची कमतरता निघाली. तंबाखू खाणारे-ओढणारे आणि चुलीच्या धुरात बसणारे त्यांत जास्त होते. एकटं राहणाऱ्या, दात पडलेल्या, चहा-बिस्किटावर दिवस काढणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या हिरड्यांतून रक्त येत असेल, जखम भरत नसेल, तर त्याला डॉक्टरांकडे न्यावं. त्याला काही दिवस गोळी लागेलही, आणि ती त्यानं जरूर घ्यावी.

बाकीच्यांची गरज बाजारातच भागते. शंभर ग्रॅम पेरूत 200 मिलिग्रॅमहून जास्त क जीवनसत्त्व असतं, म्हणजे एका पेरूत पुरुषाची दोन दिवसांची बेगमी. कोकणात आणि गोव्यात काजूची बोंडं हंगामात झाडाखाली पडून कुजतात, तीही या जीवनसत्त्वानं भरलेली असतात. लिंबातलं क जीवनसत्त्व उष्णतेनं वाया जातं, म्हणून लिंबू पोह्यांवर आणि वरणभातावर ताटात वाढल्यावरच पिळावं. पालेभाजी, डाळ, पोह्यांतलं लोह त्यानं अंगी लागतं. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आहे. तेव्हा ही लिंबाची फोड घरातल्या पुरुषांची आणि मुलांची पानं वाढून झाल्यावर संपलेली नसावी.

गणेश मंडळं, महिला मंडळं, गृहनिर्माण सोसायट्या आणि ज्येष्ठ नागरिक संघ आरोग्य शिबिरं भरवतात, देणगीदार मिळाला की क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचं वाटपही करतात. त्यांनी पुढच्या शिबिरात गोळ्यांच्या खोक्याऐवजी पेरू, लिंबं आणि आवळ्यांच्या जाळ्या आणाव्यात. नोंदणीच्या टेबलावर एका स्वयंसेवकाला बसवून प्रत्येकाला दोन गोष्टी विचाराव्यात: घरात कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत, आणि कधी मुतखडा झाला होता का. दातांनी पेरू चावता येत नाही अशांसाठी आवळा किसून, मीठ कमी घालून, वाटीत द्यावा.