सावलीत काही होत नाही म्हणणाऱ्यांसाठी

उन्हाळा लागला की आमच्या गल्लीत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "लय ऊन हाये भाऊ यंदा." दुसरं, "हा लिंब काढून टाका लागते, याच्या सावलीत ना वांगं होत ना टमाटर." दोन्ही वाक्यं एकाच माणसाच्या तोंडून येतात, कधी कधी तर एकाच दमात.

मे २०२४ आठवा. उष्णतेच्या लाटेमुळे अकोला जिल्ह्यात कलम १४४ लावावं लागलं होतं. दंगल नाही, मोर्चा नाही, निव्वळ उन्हासाठी. अशा मुलखात अंगणातला सावलीचा तुकडा वाया गेलेली जागा कशी काय ठरते, हे मला समजत नाही. टमाटराचंच घ्या. दिवसाचं तापमान पस्तिशीच्या वर चढलं की त्याचे परागकण नीट काम करत नाहीत आणि फुलं गळतात. म्हणजे लिंब तोडून मोकळी केलेल्या जागेत मे महिन्यात टमाटर होणारच नाही. झाडही गेलं अन् भाजीही गेली.

सावलीतली शेती आपल्याला नवी आहे का? अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा या पट्ट्यातल्या बारी समाजाच्या पानमळ्यांकडे बघा. सातपुड्याच्या पायथ्याशी, इतक्या उन्हात, नागवेलीसारखी नाजूक वेल यांनी पिढ्यान्‌पिढ्या जगवली. कशी? आधी शेवरी, पांगारा, हदगा, शेवगा अशी झाडं उभी करायची आणि त्यांच्या सावलीत, त्यांच्याच आधारानं वेल चढवायची. पानपिंपळी पण तशीच. आयुर्वेदातल्या त्रिकटूमधली, सुंठ अन् मिऱ्यासोबतची ती पिंपळी आपल्या याच भागात होते. तिला अर्धवट सावली लागते, उघड्यावर ती करपून जाते. फळं हिरवी असताना तोडून वाळवतात, मूळही विकलं जातं. वर चिखलदऱ्याला कॉफी होते, तीही मोठ्या झाडांखालीच. पानमळे मात्र कमी कमी होत चालले आणि त्यांच्यासोबत ही समजही चालली. आज हिरव्या जाळीच्या शेडनेटला फलोत्पादन अभियानातून ५० टक्के अनुदान आहे. जाळीला माझा विरोध नाही. पण पानमळ्यातल्या जिवंत सावलीलाही तेवढ्याच गांभीर्यानं पीकपद्धती म्हणून कधी मोजणार? कृषी विद्यापीठ तर आपल्या अकोल्यातच आहे, १९६९ पासून.

आता घरच्या अंगणाचं बोलतो. सगळंच सावलीत होते असं मी म्हणत नाही. वांगी, भेंडी, मिरची, लिंबू यांना ऊन पाहिजेच, दिवसाचे पाच-सहा तास तरी. त्यांच्यासाठी गच्ची आहे. पण ज्याचं पान, कंद किंवा देठ खायचा त्याला कमी उन्हात भागते. अद्रक आणि हळद झाडाखाली छान होतात. अळू, म्हणजे कोणाचा चमकुरा, कोणाचा धोपा, न्हाणीच्या पाण्यावर भिंतीआड वाढलेला आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पुदिना, पालक, सुरण, गोडलिंबाचं लहान रोप, हे सगळं चालते. सांभार तर एप्रिलच्या उन्हात पानं येण्याआधीच फुलावर जातो, सावलीत तो थोडा जास्त टिकतो. फळांत अननस आणि सीताफळ अर्धी सावली सोसतात. सीताफळ थोडं कमी लागेल, पण लागेल.

फक्त सावली कोणती ते ओळखा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. डिसेंबरात भर दुपारी आपल्याकडे भिंतीची सावली जवळपास भिंतीच्या उंचीएवढी पडते, म्हणजे घराच्या उत्तरेला ऊन येतच नाही. तीच जागा मेच्या उत्तरार्धात दुपारी उघडी पडते, कारण तेव्हा सूर्य थेट डोक्यावर येतो. म्हणून भिंतीची सावली वेगळी अन् झाडाची वेगळी. झाडाची सावली चाळणीतून आल्यासारखी असते, आणि मला विचाराल तर आपल्या मुलखात तीच चांगली. खालच्या मुळांशी भांडण नको असेल तर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती अन् शेणखत भरून लावा. खोडाजवळ खोल खणू नका.

पाण्याचा मुद्दा तर याहून मोठा आहे. अकोल्याचं पाणी महानच्या काटेपूर्णा धरणातून येते, अमरावतीचं सिंभोऱ्याच्या अप्पर वर्ध्यातून, आणि नळ रोज येतो असं छातीठोकपणे सांगणारा मला अजून भेटायचा आहे. मध्ये पूर्णेचा खारपाणपट्टा. तिथं बोअरचं पाणी दिलं की ऊन पाणी उडवून नेते आणि क्षार मातीवर पांढरे होऊन बसतात. सावलीत बाष्पीभवन कमी, त्यामुळे पाणीही कमी लागते आणि खारही तेवढा वर येत नाही.

आता महापालिका आणि नगरपालिकांकडे येतो. शहरी झाडांचा कायदा १९७५ चा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं ५० वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष मानलं आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायला सांगितली. कागदावर उत्तम. पण रस्त्याकडेचा ४० वर्षांचा लिंब गेला आणि ४० रोपटी गावाबाहेरच्या कुठल्या तरी जागेत लागली, तर त्या लिंबाखाली बसणाऱ्या भाजीवालीला काय मिळालं? तिची पालेभाजी दुपारपर्यंत माना टाकते. ती रोपटी त्याच वॉर्डात लागावीत, आणि तोडण्याची नोटीस लोकांना वाचता येईल अशी झाडावरच लागावी, एवढं तरी आपल्या नगरसेवकाला विचारा. अंगणभर पेव्हर ब्लॉक बसवणाऱ्यांनाही माझी विनंती आहे, झाडाच्या बुंध्याभोवती चार फूट माती तरी उघडी ठेवा.

हळद अन् अद्रकाचं बेणं मे-जूनमध्ये लावतात. ज्यांच्याकडे लिंबाखाली जागा आहे त्यांनी यंदा दोन गोण्या भरून बघा. बेणं कमी पडलं तर माझ्याकडून घेऊन जा.