फोन आपला, हुकूम कोणाचा?

बेगडेवाडी हे पुणे-लोणावळा लोहमार्गावरील देहूरोड व घोरावाडी यांच्यामधले लहानसे स्थानक. घोरावाडी ओलांडली की तळेगाव. या तळेगावात येणार म्हणून गाजलेला वेदान्त-फॉक्सकॉनचा चिपनिर्मिती प्रकल्प सप्टेंबर 2022 मध्ये गुजरातकडे वळला, तेव्हा राज्यात केवढे रान उठले! पुढे जुलै 2023 मध्ये फॉक्सकॉनने त्यातूनही अंग काढून घेतले. न उभारलेल्या कारखान्यातील न घडलेल्या चिपसाठी एवढा आक्रोश झाला. परंतु घामाचे पैसे मोजून घेतलेली जी चिप जुन्या फोनच्या रूपाने मावळातल्या घराघरांत कपाटाच्या खणात पडून आहे, तिच्याविषयी एकाही पुढाऱ्याने शब्द काढला नाही.

वस्तुतः असा फोन निकामी नसतो. त्याचा पडदा शाबूत असतो, वायफाय चालू असते. तो भिंतीवर लावला आणि स्विचमागे रिले बसवले, की घरातले दिवे, पंखे, पाण्याचा पंप यांचे नियंत्रण त्या एका पडद्यावरून होऊ शकते. त्यासाठी लागणारे होम असिस्टंटसारखे मुक्त सॉफ्टवेअर 2013 पासून विनामूल्य उपलब्ध आहे. ते घरातल्याच लहानशा संगणकावर चालते; जुना फोन हा त्याचा केवळ चेहरा. त्यासाठी बाजारातून नवे, महागडे नियंत्रण-फलक विकत आणण्याचे कारण उरत नाही.

मग हा फोन कचरा का ठरतो? कंपनी त्याचे सॉफ्टवेअर अद्ययावत करणे थांबवते, बॅटरी डिंकाने चिकटवून टाकते आणि दुसरे सॉफ्टवेअर घालू म्हटले तर आत कुलूप लावून ठेवते. वस्तू ग्राहकाच्या मालकीची होते. वस्तूवरील हुकमत मात्र विक्रेत्याकडेच राहते. ही नीती नवी नाही. 1924 साली जगातील प्रमुख दिवे-उत्पादकांनी फीबस नावाचा कंपू स्थापून विजेच्या दिव्याचे आयुष्य 1000 तासांवर आणले, आणि अधिक टिकाऊ दिवा करणाऱ्या सदस्याला दंड ठोठावला. शंभर वर्षांत हत्यार बदलले, हेतू तोच राहिला. मे 2016 मध्ये गूगलच्या कुटुंबातील नेस्ट या कंपनीने रिव्हॉल्व्ह या गृहनियंत्रक यंत्रामागची दूरस्थ सेवा बंद केली आणि लोकांच्या घरातील धडधाकट यंत्रे एका दिवसात निर्जीव झाली. ज्या घराचा दिवा परदेशातील संगणकाच्या परवानगीने लागतो, त्या घराचा मालक कोण?

कंपन्यांचे वकील म्हणतील, जुना फोन असुरक्षित असतो. हे अर्धसत्य आहे. तो इंटरनेटपासून तोडून केवळ घरातल्या जाळ्यात ठेवला, तर धोका पुष्कळ कमी होतो. सतत विजेवर राहून बॅटरी फुगण्याचा धोका मात्र खरा आहे. आणि म्हणूनच ती सहज काढता-बदलता आली पाहिजे. सॅमसंगने तर 2021 मध्ये जुन्या फोनला घरगुती उपकरण बनवण्याची योजना स्वतःच काढली. पण ती निवडक फोनांपुरती आणि निवडक देशांपुरती. म्हणजे अडचण तंत्राची नाही, मर्जीची आहे.

आपल्यातलेही काही जण विचारतील, की हे श्रीमंतांचे चोचले नव्हेत काय? अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला पडल्या जागेवरून पंखा लावता येणे हा चोचला नव्हे. आणि टाकलेल्या फोनचा हिशेब अखेर श्रीमंताच्या दारी होत नाही. 2022 साली जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा निर्माण झाला. त्यातील जेमतेम 22 टक्क्यांची रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. उरलेल्यातला कितीतरी कचरा गरीब वस्त्यांत येऊन पडतो, आणि आग व आम्ल वापरून त्यातून तांबे-सोने काढणारे हात भंगार वेचणाऱ्यांचे असतात.

केंद्र सरकारने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पुढे संकेतस्थळही काढले. पण कंपनीने आतले कुलूप उघडून द्यावे, असे बंधन त्यातून आले नाही. युरोपीय संघाने 20 जून 2025 पासून फोनची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवण्याची आणि सात वर्षे सुटे भाग पुरवण्याची सक्ती केली. तीच कंपनी तिथे कायदा पाळते आणि इथे हात वर करते, हे कोणी खपवून घ्यावे?

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. आधार थांबवताच कंपनीने फोनचे कुलूप उघडून द्यावे. बॅटरी व सुटे भाग रास्त दरात मिळावेत. घरगुती उपकरण दूरच्या सेवेविना घरातल्या घरात चालावे. आणि नगरपालिकांनी सहकारी दुरुस्ती केंद्रांना जागा द्यावी.

तळेगावातच 1908 साली सामान्य माणसाने दिलेल्या एकेका पैशातून पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. ज्या मुलखाने पैशापैशाने कारखाना उभारला, त्याने आपल्याच पैशाने घेतलेल्या काचेच्या तुकड्यावर परक्याचा हुकूम चालू देऊ नये.