करांदे खाऊन तण संपत नाही

दिवाळीच्या सुमारास कोकणातल्या बाजारात करांदे येतात. मीठ घालून उकडलेल्या करांद्याची किंचित कडसर चव ज्याला लागली, तो ती विसरत नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडात मात्र हीच वेल (शास्त्रीय नाव डायोस्कोरिया बल्बिफेरा) घातक तण म्हणून सरकारी यादीत आहे. १९०५ साली तिथल्या कृषी खात्यामार्फत ती फ्लोरिडात पोचली. आता ती उंच झाडांच्या शेंड्यापर्यंत चढते आणि खालच्या झाडाझुडपांचा उजेड अडवते.

‘मग खाऊन का टाकत नाहीत?’ हा प्रश्न आपल्याला पडणारच. तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींना कुंपणावर लटकलेले करांदे पाहून मोहही होईल. डॉक्टर म्हणून माझं उत्तर स्पष्ट आहे: खाऊ नका. आपण खातो तो पिढ्यान्‌पिढ्या निवडून जपलेला वाण. रानातला कडू करांदा आपल्याकडचे जाणकारही तसाच खात नाहीत. चकत्या करून वाहत्या पाण्यात ठेवतात, राख घालून उकडतात. एवढी खटपट उगाच नाही. या कंदात डायोसबल्बिन नावाची द्रव्यं असतात आणि यकृतात त्यांचं रूपांतर होताना यकृताच्याच पेशींना इजा होते. चीनमध्ये गलगंडावर हा कंद औषध म्हणून देतात. त्यातून कावीळ झालेल्या रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. ‘नैसर्गिक आहे, अपाय कसला?’ हे वाक्य ओपीडीत ऐकून ऐकून कान किटले आहेत. अनोळखी कंद किंवा त्याची पावडर पोटात गेल्यावर भूक मेली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर लगेच डॉक्टर गाठा आणि काय खाल्लं ते लपवू नका.

ओळखायला वेल अवघड नाही. पान मोठं, हृदयाच्या आकाराचं. शिरा देठापासून निघून कमानीसारख्या टोकाकडे जातात. खोड गोल, गुळगुळीत. कोनफळाच्या वेलीचं खोड चौकोनी, कडांना पंखासारखी पट्टी असलेलं (तीही फ्लोरिडात तणच ठरली आहे). करांदे लागतात पानांच्या बेचक्यात, आणि खरी मेख तिथेच आहे. वेल कापली तरी खाली पडलेला प्रत्येक करांदा रुजतो, शिवाय जमिनीतला कंद पुन्हा फुटतो. म्हणून थंडीत पानं झडल्यावर करांदे वेचायचे, कंद खणून काढायचा. खतखड्ड्यात काहीच टाकायचं नाही.

सगळं रान हातांनी वेचून होत नाही. त्यासाठी २०११ पासून तिथे आशियातला एक भुंगेरा सोडला जातो. सोडण्याआधी त्याची कसून चाचणी झाली. तो याच वेलीच्या पानांवर जगतो. काळ्या डोक्याचा, लालसर पाठीचा हा किडा पानांची चाळण करताना दिसला, तर त्याच्यावर कीटकनाशक मारू नका.