हडपसरच्या दोन्ही बाजूंनी

ऐतिहासिक कादंबरीकाराला नाकं मुरडणं हा हल्ली सुशिक्षितपणाचा दाखला झाला आहे. बंगळुरात सर्जापूर रोडवरच्या आम्हा मराठी मंडळींत तर जरा जास्तच. डोम्मसंद्र ते इब्बलूर या ट्रॅफिकमध्ये इतिहासाचे पॉडकास्ट ऐकणारे आम्ही लोक गणपतीत सोसायटीच्या हॉलमध्ये जमलो की तीन आक्षेप ठरलेले असतात. ही कादंबरी पूर्वजांची आरती ओवाळते, ती इतिहासात भेसळ करते आणि ती लिहिणारा वर्तमानाकडे पाठ फिरवून बसलेला असतो. हे तिन्ही आक्षेप ना. सं. इनामदारांच्या कामावर तपासून पाहू.

आरतीचं आधी. 1923 साली जन्मलेल्या, आकाशवाणीत नोकरी करता करता लिहिणाऱ्या या माणसाने नायक कोण निवडले? ‘झेप’चा नायक त्रिंबकजी डेंगळे. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा 1815 साली पंढरपुरात खून झाला, त्याचा ठपका इंग्रजांनी ज्याच्यावर ठेवला तो हा त्रिंबकजी. ठाण्याच्या किल्ल्यातल्या त्याच्या कैदेवर गोरे पहारेकरी होते. बाहेर घोड्याला खरारा करणारा मोतद्दार मराठीत गाणी म्हणायचा आणि त्या गाण्यांतूनच सुटकेचा बेत आत पोचला, असं सांगतात. 1816 साली त्रिंबकजी निसटला, पुढे पुन्हा सापडला आणि चुनारच्या किल्ल्यात कैदेतच मेला. ‘मंत्रावेगळा’चा नायक दुसरा बाजीराव, ज्याच्या नावाने महाराष्ट्राने पिढ्यानपिढ्या बोटं मोडली. ‘शहेनशहा’चा नायक तर औरंगजेब. आरतीच ओवाळायची असती, तर हाताशी सोपी दैवतं काय कमी होती?

खरी मेख ‘झुंज’मध्ये आहे. तिचा नायक यशवंतराव होळकर. त्याचा भाऊ विठोजी याला बाजीरावाने 1801 साली पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. पुढच्याच वर्षी, 25 ऑक्टोबर 1802 रोजी, यशवंतरावाने हडपसरला पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा धुव्वा उडवला. बाजीराव पुणं सोडून पळाला आणि 31 डिसेंबरला वसईच्या तहावर सही करून इंग्रजांचा मिंधा झाला. आता बघा, भावाच्या खुनाने पेटलेला होळकर आणि तो खून करवणारा पेशवा, या दोघांच्याही काळजात एकाच लेखकाने हात घातला आहे. हा भाटाचा धंदा नव्हे. भाट एकाच दरबारात गातो.

भेसळीचा आक्षेप जास्त वजनदार आहे, तो झटकून चालणार नाही. बिठूरला आठ लाखांच्या तनख्यावर जगताना बाजीरावाच्या मनात काय चाललं होतं, हे इनामदारांना कोण सांगणार? कुणीच नाही. पण त्याची जी प्रतिमा आपण वर्षानुवर्षं खरी मानली, तिचं काय? तिच्यातला मोठा वाटा त्याचं राज्य बुडवणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखणीतून उतरला. राज्य घेणाऱ्याला, ते गमावणारा नालायक होता असं लिहिणं भाग असतं. इतिहासकार कागद संपला की थांबतो, थांबायलाच हवं. कादंबरीकार तिथून पुढे जातो, पण मुखपृष्ठावर ‘कादंबरी’ असं छापून जातो. भेसळ ती, जिच्यावर लेबल नसतं. इनामदारांच्याच ‘राऊ’ कादंबरीवर बेतलेल्या 2015 च्या ‘बाजीराव मस्तानी’तला पिंगा पाहून चिडलेले किती जण पुस्तक न उघडताच त्यांच्या नावाने बिल फाडतात!

उरला पळपुटेपणा. त्याला उत्तर हरिभाऊ आपट्यांनी केव्हाच देऊन ठेवलं आहे. 1890 च्या सुमारास ज्या हाताने ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्ये विधवेचे हाल मांडले, त्याच हाताने ‘म्हैसूरचा वाघ’ लिहायला घेतली. तिला मेडोज टेलरच्या इंग्रजी कादंबरीचा आधार होता आणि नायक होता टिपू. शेवटी ‘वज्राघात’ लिहिली ती विजयनगरवर. म्हणजे मराठी ऐतिहासिक कादंबरीचा पाया घालणाऱ्याच्या ऐतिहासिक लेखनाची सुरुवात आणि अखेर, दोन्ही कर्नाटकाच्या मातीत. हा ना पळपुटेपणा, ना कूपमंडूकपणा.

म्हणून माझं म्हणणं असं: ऐतिहासिक कादंबरीकार हा हरलेल्यांचा आणि बदनामांचा वकील आहे, आणि वकिलाशिवाय चाललेल्या खटल्याचा निकाल मी मानत नाही. मात्र वकील म्हणजे न्यायाधीश नव्हे. कुठे कागद संपला आणि कल्पना सुरू झाली, हे त्याने पुस्तकाच्या शेवटी चार पानांत सांगावं. आमच्या इकडच्या मुलांना शाळेत मराठी नसते, मराठ्यांचा इतिहास त्यांना बहुधा पडद्यावरच भेटतो. त्यांच्यासाठी तर ही चार पानं हवीतच.

आणि एक विषय अशाच वकिलाची वाट पाहतो आहे. 1791 साली टिपूवरच्या स्वारीत परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या लुटारूंनी शृंगेरीचा मठ लुटला आणि मठाला मदत पाठवली ती टिपूने. ही गोष्ट कानडी शेजारी आपल्याला सांगतात आणि आपण विषय बदलतो. ती मराठी कादंबरीत यायला हवी, लुटणाऱ्याच्याही मनात शिरून. बंगळुरात राहून मराठीत लिहिणाऱ्या कुणाला हे जमलं, तर आरतीचा आक्षेप घ्यायला आमच्या हॉलमध्ये कुणी उरणार नाही. मग आक्षेप असेल तो उलटा, घरचं उणं चव्हाट्यावर मांडल्याचा. तो आक्षेप ज्याच्यावर येतो, त्याने आपलं काम चोख केलं असं खुशाल समजावं.